शाहूवाडीचे दोन समुद्र

शाहूवाडी तालुक्याला समुद्र नाही. नकाशा काढून बघा: डोंगर, जंगल, भाताची खाचरं, विशाळगड, पावनखिंड, घाट. तरी मुलांच्या परीक्षा संपत आल्या की मलकापूर-बांबवड्याच्या घराघरांत समुद्राच्याच गोष्टी सुरू होतात. वर्षानुवर्षं त्या गोष्टींचा शेवट गणपतीपुळ्याला व्हायचा. आता हाताशी चार पैसे असले की फुकेत, क्राबी, फी फी ही नावंही निघतात. सहल कंपनीच्या पत्रकावर पांढरीधोप वाळू असते, काचेसारखं निळंहिरवं पाणी असतं, आणि ते बघून घरातलं एखादं पोर हमखास विचारतं, "आपल्याकडची वाळू अशी का नाही?"

फार सुंदर प्रश्न आहे हा. त्याचं उत्तर थायलंडच्या किनाऱ्यावर जितकं आहे, तितकंच आंब्याच्या घाटमाथ्यावर आहे. म्हणून आधी तिथं जाऊ.

भर पावसात आंबा गाव ओलांडून घाट जिथं उतरायला लागतो, तिथं उभे राहा. कोल्हापूर शहरात वर्षभरात साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो, इथं त्याच्या कित्येक पट. त्या मुसळधारेतले दोनच थेंब डोळ्यांसमोर आणा. शेजारी शेजारी, हातभर अंतरावर पडलेले. पहिला पश्चिमेला घरंगळला. तो कड्यावरून खाली साखरप्याकडं गेला, काजळी नदीला मिळाला आणि रत्नागिरीजवळ भाट्याच्या खाडीतून अरबी समुद्रात पोचला. दुसरा थेंब वाऱ्याच्या एका झोतानं पूर्वेला पडला. त्याला कडवी नदीनं उचललं, कडवीनं वारणेच्या हवाली केलं, वारणेनं सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेत सोडलं. मग अलमट्टी, श्रीशैलम, नागार्जुनसागर, विजयवाडा असं करत हजार किलोमीटरहून जास्त चालून तो आंध्रात हंसलदीवीपाशी बंगालच्या उपसागरात शिरला. त्या उपसागराच्या पूर्वेला लागूनच अंदमानचा समुद्र. आणि त्याच्या पलीकडच्या काठावर कोण बसलंय? फुकेत!

हातभर अंतरावर पडलेले दोन थेंब. एक गणपतीपुळ्याच्या समुद्रात, दुसरा फुकेतच्या दिशेनं. ज्या तालुक्याला समुद्र नाही, त्याचं पाणी दोन समुद्रांना जातं.

आता त्याच कड्यावरून खाली बघा. दोन हजार फुटांची ही सरळसोट भिंत इथं कुणी उभी केली? सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथली जमीन भेगाळली आणि लाव्हा वर आला. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा, थरावर थर. विशाळगडाच्या कड्यावर दिसणाऱ्या आडव्या पायऱ्या म्हणजे तेच थर. तेव्हा आपल्या पश्चिमेला समुद्रच नव्हता. सलग जमीन होती. मग ती जमीन फाटली. पश्चिमेचा तुकडा सुटून समुद्रात दूर निघाला आणि मधल्या फटीत पाणी शिरलं. तो सुटलेला तुकडा आज कुठं आहे ठाऊक आहे? आफ्रिकेच्या बाजूला, सेशेल्स बेटांच्या रूपात. जगभरातली श्रीमंत माणसं मधुचंद्राला जातात ती हीच बेटं. एका अर्थानं सेशेल्स हा कोकणाचा दुरावलेला शेजारी आहे.

जमीन फाटली तेव्हा कडा आजच्या जागी नव्हता. भूवैज्ञानिकांचं सर्वसाधारण मत असं, की तो खूप पश्चिमेला, किनाऱ्यालगत होता आणि पावसानं झिजत झिजत मागं, पूर्वेला सरकला. आंब्यापासून रत्नागिरीचा किनारा सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटर. ६ कोटी वर्षांत पन्नास किलोमीटर, म्हणजे वर्षाला एक मिलिमीटरही नाही. या हिशेबात मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते हे, की कडा अजून थांबलेला नाही. २०२१ च्या जुलैत आंबा घाटाचा रस्ता जागोजागी खचला, दरडी कोसळल्या, वाहतूक अडली. आपण त्याला आपत्ती म्हणतो आणि घाटात अडकलेल्या माणसासाठी ती आपत्तीच असते. पण सह्याद्रीच्या दृष्टीनं ते नेहमीचं काम आहे. कोसळलेली दरड ओढ्यात जाते, ओढा नदीत, आणि तिच्यातलं जे काही तग धरतं ते एक दिवस कुणाच्या तरी पायाखाली पुळणीत येतं.

तग धरतं म्हणजे काय, ते बघायला रत्नागिरीत उतरू.

रत्नागिरी शहराला दोन समुद्र आहेत. गावातले लोक बोलतातही तसंच: काळा समुद्र आणि पांढरा समुद्र. रत्नदुर्गाचा डोंगर समुद्रात घुसलेला आहे. त्याच्या दक्षिणेला मांडवीचा किनारा, तिथली वाळू काळी. उत्तरेला मिऱ्याच्या बाजूचा किनारा, तिथली वाळू उजळ. एकच शहर, एकच पाणी, मध्ये एक डोंगर, आणि वाळूचा रंग बदललेला! मांडवीच्या दक्षिणेला लगेच भाट्याची खाडी आहे, म्हणजे काजळीचं मुख. आंब्याच्या पायथ्याचा माल उतरतो तो धक्काच.

पण नदीनं आणलेला सगळा माल काळा नसतो. आपला काळा दगड, बेसॉल्ट, उष्ण आणि ओल्या हवेत लवकर कुजतो. हो, दगडही कुजतो. त्यातली बहुतेक खनिजं गळून त्यांची माती होते. घाटमाथ्याच्या सड्यांवरचा लाल जांभा हे त्या कुजण्याचंच रूप. पावसानं दगडातलं विरघळेल ते धुऊन नेलं, आणि लोह न अ‍ॅल्युमिनियम मागं राहिलं. शाहूवाडीत बॉक्साइट सापडतं ते याच कारणानं. या कुजण्याला अजिबात दाद देत नाहीत ते दगडातले बारीक काळे कण, लोखंड आणि टायटॅनियमचे. इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट ही त्यांची नावं. माती पाण्याबरोबर खाडीत जाऊन चिखल होते, त्यावर कांदळवन वाढतं. काळे कण किनाऱ्याला लागतात.

तिथं लाट त्यांचा ताबा घेते. लाट वर येताना जोरात येते, सगळं उचलून आणते. परतताना मात्र तिचा जोर ओसरलेला असतो, म्हणून ती हलकं तेवढं मागं नेते आणि जड तिथंच सोडते. शंखशिंपल्यांचा चुरा पाण्याच्या पावणेतीन पट जड, इल्मेनाइट साडेचार पटीहून जास्त. आपल्या खळ्यावर बायका सुपात भात पाखडतात, दाणा राहतो न फोलपट उडतं, अगदी तसंच. फरक इतकाच की हे पाखडणं मिनिटाला सात-आठ वेळा, रात्रंदिवस, हजारो वर्षं चाललं आहे. रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर इल्मेनाइटचे साठे आहेत ते या पाखडणीतून. टायटॅनियम मुख्यतः त्याच्यातून काढतात, आणि पांढऱ्या रंगात जो पांढरेपणा असतो तो या काळ्याकुट्ट वाळूपासून तयार होतो!

खात्री करून बघायची असेल तर पुढच्या सहलीला दोन वस्तू बरोबर घ्या. एक लोहचुंबक, एक लिंबू. चुंबक कागदात गुंडाळून मांडवीच्या कोरड्या वाळूवरून फिरवा. काळ्या कणांची दाढी उगवेल त्याला. हा मॅग्नेटाइट, लाव्हा थंड होताना घडलेला, ६ कोटी वर्षांचा. मग गणपतीपुळ्याची किंवा आरे-वाऱ्याची मूठभर उजळ वाळू वाटीत घेऊन तिच्यावर लिंबू पिळा, न कान जवळ न्या. बारीक फसफस ऐकू येईल, बुडबुडे दिसतील. आम्ल पडल्यावर फसफसतो तो चुना. म्हणजे ते कण दगडाचे नाहीत, जिवांचे आहेत. शिंपल्या, शंख, समुद्री साळिंदराचे काटे, सगळं दळून झालेली वाळू. भिंग असेल तर त्यात गुलाबी, जांभळ्या, दुधी कपच्या दिसतील. एका मुठीत अर्धा ज्वालामुखी आणि अर्धं स्मशान. पोरांना हे दाखवा, किल्ला करायचं विसरतील.

मग फुकेतकडची वाळू पांढरी का? तिथंही हीच गोष्ट, पण मालमसाला वेगळा. तिथं मोठ्या गाळाच्या नद्या बेटांपर्यंत पोचत नाहीत, आणि बेटांभोवती प्रवाळ आहे. प्रवाळ म्हणजे इवले इवले जीव, पाण्यातला चुना घेऊन स्वतःचं घर बांधणारे. हे घर फोडून त्याची वाळू करणारा कारागीर कोण असेल? लाटा काही अंशी. पण खरा कारागीर एक मासा आहे. त्याला पोपटमासा म्हणतात, कारण त्याचे दात जुळून पोपटाच्या चोचीसारखे झालेले असतात. प्रवाळावरचं शेवाळ खाताना तो खालचा चुनाही कुरतडतो. त्याच्या घशात दातांचा आणखी एक संच असतो, तिथं त्या चुन्याचं पीठ होतं. शेवाळ पचतं आणि पीठ मागच्या दारानं बाहेर पडतं. पांढरं, बारीक, स्वच्छ. मोठ्या जातीचा एक मासा वर्षाला शेकडो किलो वाळू अशी तयार करतो. त्याचे दात ज्या खनिजाचे आहेत ते तांबं, चांदी, सोनं या सगळ्यांपेक्षा कठीण.

पत्रकावरच्या फोटोत ज्या वाळूवर लोक पहुडलेले असतात, तिचा मोठा वाटा पुष्कळदा माशाच्या पोटातून आलेला असतो! किळस वाटायचं कारण नाही. धुतलेल्या तांदळापेक्षा ती स्वच्छ आहे, आणि तिच्यात चुनाच असल्यामुळं भर उन्हातही फार तापत नाही. आपली काळी वाळू दुपारी पाय ठेवू देत नाही. ऊन गिळणं काळ्या रंगाच्या हाती आहे, परतवणं पांढऱ्याच्या.

थायलंडची सगळीच वाळू माशानं केलेली नाही, हेही सांगायला हवं. को समुई हे बेट ग्रॅनाइटचं. ग्रॅनाइट कुजला की मागं गारगोटीचे कण उरतात. आपल्या बेसॉल्टमध्ये गारगोटी जवळजवळ नसतेच, म्हणून आपल्याला ती मिळत नाही. पण कोकणातच दक्षिणेला, मालवण-वेंगुर्ल्याकडं चला. लाव्ह्याचं राज्य संपतं, खालचे फार जुने खडक वर येतात, त्यांत गारगोटी भरपूर, आणि वाळू दर गावागणिक उजळत जाते. फी फी आणि क्राबीचे ते पाण्यातून उभे सुळके तर चुनखडीचे आहेत, म्हणजे पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रातल्या जिवांचे. तिथं डोंगरही जिवांचा, वाळूही जिवांची.

पाण्याचा रंगही याच गोष्टीतून येतो. उन्हातला तांबडा भाग पाणी पहिल्या काही मीटरांत शोषून घेतं, निळा-हिरवा खोलवर जातो. तळाशी पांढरी वाळू असेल आणि मध्ये गाळ नसेल, तर तोच प्रकाश तळावर आपटून परत आपल्या डोळ्यांत येतो. फोटोतला रंग तो. आपल्याकडं पावसाळ्यात नद्या लाल माती ओततात, खाड्यांतून चिखल येत राहतो, त्यामुळं प्रकाश मध्येच अडतो. प्रवाळाला नेमका हाच प्रकाश लागतो. त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं आणि ते उन्हावर अन्न शिजवून त्याला खाऊ घालतं. गढूळ पाण्यात ही चूलच पेटत नाही. तरी मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती प्रवाळ आहेच. तिथलं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. मुखवटा लावून पाण्यात तोंड घातलं की महाराजांच्या तटाच्या पायथ्याशी रंगीत मासे फिरताना दिसतात.

आणि खरा खजिना तर त्याहून दूर आहे. विजयदुर्गच्या किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरहून जास्त आत, भर समुद्रात, पाण्याखाली एक पठार आहे. नाव त्याचं आंग्रिया बँक, कान्होजी आंग्र्यांवरून पडलेलं. त्याचा माथा पाण्याखाली वीसेक मीटरवर. किनाऱ्याचा गाळ तिथवर पोचत नाही, म्हणून पाणी नितळ, आणि त्या पठारावर प्रवाळाची वस्ती. हे पठार कधीकाळी कोरडी जमीन होतं, यावर विश्वास बसेल? वीसेक हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, पृथ्वीवरचं इतकं पाणी बर्फात अडकलं होतं की समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. कोकणचा किनारा कितीतरी पश्चिमेला होता आणि आंग्रिया हा उन्हात तापणारा डोंगर होता. तिकडं थायलंडचं आखात तर कुठंही शंभर मीटरसुद्धा खोल नाही. सगळं आखात मैदान होतं! चाओ फ्राया नदी त्या मैदानातून पुढं वाहायची आणि को समुई ही त्या मैदानातली एक टेकडी होती. बॅंकॉकहून तिथं चालत जाता आलं असतं.

मग बर्फ वितळला, समुद्र चढला आणि सहा-सात हजार वर्षांपूर्वी साधारण आजच्या पातळीला येऊन टेकला. डोंगर कोट्यवधी वर्षांचे, पण त्यांच्या पायाशी असलेल्या पुळणी अवघ्या काही हजार वर्षांच्या. समुद्रकिनारा ही पृथ्वीवरची अगदी ताजी गोष्ट आहे.

ताजी, आणि नाजूकही. फी फी समूहातल्या माया बे या छोट्याशा खाडीत एका इंग्रजी चित्रपटाचं चित्रण झालं आणि त्यानंतर तिथं दिवसाला हजारो माणसं येऊ लागली. होड्यांच्या नांगरांनी आणि माणसांच्या पायांनी प्रवाळ मोडलं. शेवटी २०१८ च्या जूनमध्ये थायलंडनं ती खाडी बंद केली. आधी काही महिन्यांसाठी म्हणून, मग बंदी वाढत गेली आणि २०२२ च्या जानेवारीत ती उघडली. मधल्या काळात हजारो प्रवाळ हातानं लावले गेले. आणि काय झालं? काळ्या टोकाच्या पंखांचे छोटे शार्क आपणहून परत आले. पैसा मिळवून देणारी जागा बंद करायला धैर्य लागतं, आणि थायलंडनं ते दाखवलं याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. मालवणला जाणाऱ्या आपल्या लोकांनी प्रवाळावर पाय न ठेवणं हे त्या मानानं किती सोपं आहे!

फुकेतला जायचं ठरलंच तर महिना कोणता धरायचा? शाहूवाडीकराला हे शिकवायला नकोच, कारण त्याच्या तालुक्यातच हा धडा आहे. नैऋत्येचा वारा आंब्याला येऊन धडकतो, वर चढतो, थंड होतो, बहुतेक पाऊस तिथं टाकतो, आणि डोंगराच्या पूर्वेला बांबवड्यापर्यंत येईतो त्याची झोळी बरीच रिकामी झालेली असते. थायलंडच्या निमुळत्या दक्षिण पट्टीलाही मधोमध असाच डोंगराचा कणा आहे. नैऋत्य मोसमी वारा पश्चिमेच्या फुकेतला मे ते ऑक्टोबर भिजवतो. ईशान्येचा वारा आखातावरून बाष्प घेऊन पूर्वेच्या को समुईला ऑक्टोबर ते डिसेंबर झोडपतो. एका काठावर छत्री मिटली की दुसऱ्या काठावर उघडते. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत समुईचं स्वस्त तिकीट दिसलं तर जरा थांबा. तेव्हा फुकेत मोकळं होत असतं.

पावसाळ्यात पुळणीचंही रूप पालटतं. आषाढात आरे-वाऱ्याला गेलात तर फाल्गुनात पाहिलेला किनारा ओळखू येणार नाही. पावसाळी लाटा उंच आणि लागोपाठच्या. त्या वाळू ओरबाडून आत नेतात आणि किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर पाण्याखाली तिचे बांध घालतात. पाऊस सरला की मवाळ लाटा तीच वाळू थोडी थोडी परत आणतात. ही ने-आण दरवर्षीची. त्या पाण्याखालच्या बांधांमुळंच धोकाही होतो. लाटांनी आत ढकललेलं पाणी परतायला वाट शोधतं आणि बांधात जिथं खिंडार असेल तिथून अरुंद, वेगवान ओढीनं बाहेर पळतं. वरून ती जागा उलट शांत दिसते, लाट फुटत नाही, आणि घाटावरचा माणूस नेमका तिथंच उतरतो. कुणी ओढीत सापडलाच तर किनाऱ्याकडं तोंड करून झगडू नये, दमछाक होते. किनाऱ्याला समांतर पोहावं. ओढ फार रुंद नसते, तिच्या बाजूला झालं की लाटाच माणसाला परत आणून टाकतात. हे एवढं मुलांना पाठ करून घ्या.

भरती कधी, हे बघायला मोबाइल नसला तरी चालतं. कोकणातला जुना हिशेब आहे: आजची तिथी घ्या, तिची पाऊणपट करा, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. भरती दिवसातून दोनदा, म्हणजे चतुर्थीला दुपारी तीन आणि पहाटेचे तीन. दहा-पंधरा मिनिटं इकडं तिकडं होतील, कधी अर्धा तासही, पण ताळा जमतो. का जमतो? चंद्र रोज थोडा उशिरा उगवतो. चोवीस तास तीस तिथींत वाटले की तिथीला अठ्ठेचाळीस मिनिटं येतात, आणि पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस. ज्यांच्या घरात घड्याळ नव्हतं त्यांनी चंद्राचा उशीर तीन मिनिटांच्या फरकानं गाठला होता! फुकेतलाही दिवसात दोनदा भरती येते. थायलंडच्या आखातात मात्र बऱ्याच ठिकाणी ठळक अशी एकच, कारण त्या उथळ आखाताचा आकार आणि खोली चंद्राच्या ओढीला वेगळाच ताल देते.

ओहोटीला ओल्या वाळूवर वाकून बघा. भोकं दिसतील आणि प्रत्येक भोकाभोवती वाळूच्या शेकडो बारीक गोळ्या, ओळींनी मांडलेल्या, रांगोळीच घातलेली जणू. ही नखाएवढ्या खेकड्यांची कामगिरी. पाणी ओसरलं की खेकडा बाहेर येतो, वाळूचा घास तोंडात घेतो, कणांवर चिकटलेलं शेवाळ चाटून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागं टाकतो, म्हणजे तोच घास दुसऱ्यांदा खाल्ला जाऊ नये. सहा तासांत किनाराभर नक्षी होते, आणि भरती आली की पुसली जाते. हे कुळ कोकणातही आहे आणि फुकेतच्या वाळूतही.

दोन्ही समुद्रांना जोडणारी माणसं इतिहासात पुष्कळ झाली. ज्या ब्रह्मदेशाचा किनारा अंदमानच्या समुद्राला लागून आहे, तिथला राजा थिबा १८८६ साली इंग्रजांनी रत्नागिरीत आणून ठेवला. १९१० साली त्याचा राजवाडा पुरा झाला आणि १९१६ मध्ये तो तिथंच वारला. त्याच्या राजवाड्याच्या बाजूनं खाली भाट्याची खाडी दिसते, आंब्याखालून आलेलं काजळीचं पाणी. पण राजाला तर आणलं होतं. आपणहून दोन समुद्र जोडणारी एक प्रवासी अगदी अलीकडं येऊन गेली.

२०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या किनाऱ्यावर एक ऑलिव्ह रिडले कासवीण अंडी घालायला आली. तिच्या पायाला धातूची खूणपट्टी होती. क्रमांक तपासला तेव्हा कळलं की ती पट्टी २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेली आहे! बंगालच्या उपसागरातून, भारताच्या दक्षिण टोकाला वळसा घालून, साडेतीन हजार किलोमीटरांच्या वर पोहून ती कोकणात आली होती. पूर्व किनाऱ्याची कासवं वेगळी आणि पश्चिमेची वेगळी असं आपण धरून चाललो होतो. तिनं एका फेरीत ते मोडून काढलं.

तिची अंडी ज्या वाळूत पडतात, तिथं आपल्या पोराच्या प्रश्नाचं सगळ्यात थक्क करणारं उत्तर दडलं आहे. कासवाचं पिल्लू नर होणार की मादी, हे अंडं घालताना ठरलेलं नसतं. ते वाळू ठरवते. घरट्यातलं तापमान तीस अंशांच्या आसपास असेल तर दोन्ही होतात. त्याहून गार वाळूत नर जास्त, त्याहून गरम वाळूत माद्या जास्त. आणि काळी वाळू पांढरीपेक्षा जास्त तापते! म्हणजे वर कड्यावरून कुठला दगड कोसळला, नदीनं काय आणलं, लाटेनं काय पाखडलं, यावर खाली एका जिवाचं नर-मादीपण झुकतं.

विशाळगडासमोर माचाळ नावाचं डोंगरमाथ्यावरचं गाव आहे. तिथं मुचकुंदी नदी उगम पावते आणि पूर्णगडापाशी समुद्राला मिळते. तिच्या मुखाशी गावखडीची पुळण आहे, आणि त्या पुळणीवर कासवं येतात. गावातले कार्यकर्ते आणि वन खातं रात्री गस्त घालतात, अंडी कुंपणात सुरक्षित पुरतात, पन्नासेक दिवसांनी पिल्लं वर आली की सकाळी किंवा संध्याकाळी पाण्याकडं सोडतात. उत्तरेला वेळास, आंजर्ले, गुहागर इथंही हे चालतं. फेब्रुवारीअखेर ते एप्रिल हा त्याचा हंगाम. मलकापुरातून सकाळी न्याहारी करून आंबा घाट उतरलात, रत्नागिरीत मांडवीच्या वाळूत चुंबक फिरवलंत, पावसच्या रस्त्यानं दक्षिणेला वळलात, तर संध्याकाळच्या सोडण्याला गावखडीत आरामात पोचता. आदल्या दिवशी गावात फोन करून पिल्लं निघाली आहेत का ते विचारून घ्या, आणि लिंबू विसरू नका.